एकांताचें देणें

एकांत मनुष्य स्वतःच्या बळावर मिळवितो, कीं इतर कोणी तो त्याला मिळवून देत असतात? प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. परंतु गेल्या हिंवाळ्यांत नाशिकजवळच्या पांडवलेण्यांस गेलों असतां तो माझ्या मनांत जो शिरला तो अद्याप निघालेला नाहीं.

सकाळच्या गारठ्यांत आम्ही दहाबारा मंडळी एका तरुण वाटाड्याच्या मागोमाग पायऱ्या चढूं लागलों. या त्रिरश्मि डोंगराच्या कुशींत चोवीस लेणीं आहेत. लोकांनीं त्यांचा संबंध पांडवांशीं जोडला असला, तरी तीं मुख्यतः बौद्ध भिक्षूंसाठीं खोदलेलीं असून त्यांतील जुनीं सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचीं आहेत. दहाव्या लेण्यांतील एका खोलींत मी शिरलों. चार पावलांची जागा, निजण्यापुरता दगडी ओटा आणि एक दार. एवढाच सारा संसार! जन सोडून, धन सोडून केवळ स्वतःच्या आधारावर राहणारे ते तपस्वी मला धन्य वाटले, व तसें मीं बोलूनही दाखविलें. त्यावर वाटाड्या हंसून म्हणाला, "सर, त्यांच्या खर्चाचा हिशेब बाहेर ओसरीच्या भिंतीवर लिहिलेला आहे."

त्याचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात यानें हें लेणें संघास दिलें, आणि बेचाळिसाव्या वर्षाच्या त्याच्या लेखांत तीन हजार कार्षापणांच्या ठेवीची नोंद आहे. ही रक्कम त्यानें गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. पैकीं दोन हजारांवर दरमहा शेंकडा एक कार्षापण व्याज. वर्षाचे झाले 240. आणि लेण्यांत वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रांसाठीं प्रत्येकी 12 द्यावयाचे, म्हणजे तेही 240! उरलेल्या हजारावर दरमहा शेंकडा पाऊण व्याज; तें इतर किरकोळ खर्चासाठीं. मुद्दल परत द्यावयाचें नाहीं, केवळ व्याज भोगावयाचें. हा सर्व व्यवहार नगराच्या सभेंत जाहीर करून नोंदविलेला होता. म्हणजे डोंगरावर भिक्षु पावसाळाभर ध्यानस्थ बसत, तेव्हां खालीं गोवर्धनांत माग चालत असत. आणि त्या धोट्यांच्या ये-जाईवर वरची शांतता उभी होती.

कोणी म्हणेल, मग हें वैराग्य कसलें? दुसऱ्याच्या श्रमांवर चाललेला हा आळसच नव्हे काय? आक्षेप वाजवी आहे, आणि "दात्याला पुण्य मिळालें" एवढ्या उत्तरानें तो सुटत नाहीं. कारण पुण्य उषवदाताला मिळालें असेल, विणकरांचें काय? त्यांना ठेवीमुळें भांडवल मिळालें हें खरें, पण व्याज त्यांच्याच घामांतून निघत होतें. मात्र आक्षेप घेणाऱ्यानेंही हें विसरूं नये कीं, ज्याला कोणाचा आधार नाहीं असा मनुष्य जगांत कोठेंच नाहीं. आधार घेण्यांत दोष नाहीं. घेतलेला आधार नाकबूल करण्यांत दोष आहे. त्या भिक्षूंचें मला आतां खरें मोठेपण वाटतें तें याच ठिकाणीं. आपण स्वयंभू असल्याचा डौल त्यांनीं मिरविला नाहीं. आपलें वस्त्र कोठून येतें हें त्यांच्या ओसरीवर खोदलेलें होतें. येतांजातां त्यांच्या दृष्टीस तें पडतच असेल. ज्या लेण्याच्या भिंतीवर देणें लिहिलेलें आहे, तेथें बसून "मी सर्व सोडलें" असा अहंकार करणें कठीणच.

डोंगर उतरतांना मला माझी घरची खोली आठवली. तीस वर्षें मी त्या खोलीचें दार लावून वाचीत-लिहीत आलों, आणि ती शांतता ही माझ्या अभ्यासूवृत्तीची कमाई आहे असें समजत आलों. मुलें लहान असतांना त्यांना गप्प बसविलें कोणी? दारांत आलेल्या पाहुण्याला हळूच मागच्या अंगणांत नेलें कोणी? गाणें शिकण्याची हौस असतां, "यांच्या लिहिण्यांत व्यत्यय नको" म्हणून तंबोऱ्याला गवसणी घालून ठेवली कोणी? तो तंबोरा मीं रोज पाहिला, पण त्याचा हिशेब कधीं मांडला नाहीं. माझ्या एकांताचें व्याज कोणीतरी महिन्याच्या महिन्याला भरीत होतें, आणि मी मात्र मुद्दल माझेंच आहे अशा समजुतींत होतों.

घरीं आल्यावर ही गोष्ट मीं पत्नीला सांगितली. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "त्या विणकरांचीं नांवें लिहिलीं आहेत का हो तेथें?"

नाहींत. उषवदाताचें नांव आहे, त्याच्या सासऱ्याचें आहे; ज्यांच्या मागांवर तें व्याज विणलें गेलें त्यांच्या केवळ श्रेणींचा उल्लेख आहे. माझ्या दारावर तर तेवढाही नव्हता.