मधली गावे

मुंबई ते गोवा हे अंतर विमान साधारण तासाभरात कापते. खाली पेण, वडखळ, नागोठणे, रोहा, कोलाड येऊन जातात. प्रवाशाने खिडकीतून पाहिलेच, तर त्याला भातखाचरे दिसतात, अंबा आणि कुंडलिका या नद्यांची वळणे दिसतात. रस्त्याने निघालेल्याची गोष्ट निराळी. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाला २०११ मध्ये हात घातला गेला, आणि त्यानंतरचे कितीतरी गणपती चाकरमान्यांनी याच पट्ट्यात खड्डे चुकवत गाठले. त्याच आकाशाखाली एकाला पेण गाठता गाठत नाही आणि दुसऱ्याला पेण लागल्याचे कळतही नाही.

दुसऱ्याने जर विमान 'चार्टर' केले असेल, म्हणजे अख्खे विमान फक्त आपल्यासाठी भाड्याने घेतले असेल, तर त्याला बोर्डिंगच्या रांगेचाही पत्ता नसतो. हा धंदा मोठा शिस्तीचा आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा वेगळा परवाना लागतो. भाडे प्रवाशांच्या डोक्यांवर लागत नाही, ते विमानाच्या तासांवर लागते. सहा आसनांच्या विमानात एकच माणूस बसला तरी पैसे तेवढेच. सोडून परत येणाऱ्या रिकाम्या विमानाचा खर्चही बहुधा त्याच्याच बिलात असतो. या रिकाम्या परतीला धंद्यात 'एम्प्टी लेग' म्हणतात आणि ती कधीकधी स्वस्तात विकलीही जाते. मार्च २०२४ मध्ये एका उद्योगपतीच्या घरच्या लग्नापूर्वीच्या सोहळ्यासाठी जामनगरच्या विमानतळाला दहा दिवसांपुरता आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, तेव्हा अशा विमानांची रीघ साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिली.

आता, धर्माच्या दृष्टीने यात वावगे काय?

पहिले उत्तर सगळ्यांच्या तोंडी आहे: उधळपट्टी आणि धूर. 'ट्रान्स्पोर्ट अँड एन्व्हायर्नमेंट' या युरोपीय संस्थेने २०२१ मध्ये हिशेब मांडला, तो असा की माणशी पाहिले तर खासगी जेट नेहमीच्या विमानाच्या पाच ते चौदा पट आणि आगगाडीच्या सुमारे पन्नास पट प्रदूषण करते. आकडा बोलका आहे. पण हा मुद्दा इथेच संपवला, तर उद्या हिरव्या इंधनावर उडणारे विमान निघाल्याबरोबर प्रश्नच मिटेल. मग धर्माला विचारायला काही उरणार नाही. खरा प्रश्न धुराच्या पलीकडे आहे, आणि तो विचारायला पेण तालुक्याइतकी योग्य जागा शोधून सापडणार नाही.

कारण गागोदे हे गाव याच तालुक्यातले. ११ सप्टेंबर १८९५ रोजी तिथे विनायक नरहरी भावे जन्मले. पुढे जग त्यांना विनोबा म्हणून ओळखू लागले. १९५१ च्या एप्रिलमध्ये तेलंगणातल्या पोचमपल्लीत त्यांना पहिले भूदान मिळाले: शंभर एकर. त्याच वर्षी पंतप्रधान नेहरूंनी नियोजन आयोगाशी चर्चा करण्यासाठी त्यांना दिल्लीला बोलावले. नेहरूंनी त्यांच्यासाठी विमान पाठवण्याची तयारी दाखवली होती, असे सांगितले जाते. खुद्द पंतप्रधानांनी देऊ केलेले विमान! विनोबांनी येण्याचे कबूल केले, विमान मात्र नाकारले. सप्टेंबरात ते वर्ध्याजवळच्या पवनारहून पायी निघाले आणि नोव्हेंबरात दिल्लीला पोचले. वाट आठशे मैलांच्या आसपास, वेळ दोन महिने. पंचवार्षिक योजना काही त्यांच्यासाठी थांबणार नव्हती, हे त्यांनाही ठाऊक असणार. दिल्लीत ते राजघाटाजवळ झोपडीत उतरले आणि आयोगाची माणसे तिथे येऊन बोलली.

विमान नाकारण्याचा अर्थ बहुतेक जण साधेपणा असा लावतात. तुकोबांनी शिवरायांचा नजराणा परत पाठवल्याची कथा मराठी माणसाच्या अंगात मुरलेली आहे, म्हणून तो अर्थ लगेच सुचतो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. पवनार ते दिल्ली या वाटेवर विनोबांना हजारो एकर जमीन मिळाली. ती पवनारला मिळाली नाही, दिल्लीला तर नाहीच नाही. ती मधल्या गावांत मिळाली. विमानाने ते दोन-चार तासांत पोचले असते. आयोगाशी तीच चर्चा झाली असती, कदाचित जास्त ताजेतवाने होऊन झाली असती. फक्त मधली गावे गळाली असती, आणि सांगायला जे होते ते त्याच गावांत होते.

या माणसाला मधल्या जागांचे वेड तरुणपणापासून होते म्हणा ना. मार्च १९१६ मध्ये बडोद्याहून इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईची गाडी पकडली, आणि मध्येच सुरतेला उतरून काशीची वाट धरली. दोन शहरांमधला सरळ प्रवास त्यांना साधला नाही तो असा. चार्टर विमानात ही सोय नसते. सुरत आली म्हणून कोणाला उतरता येत नाही.

विनोबा वेगाचे किंवा यंत्राचे शत्रू नव्हते, हेही सांगायला हवे. गांधीजींनी 'हिंद स्वराज'मध्ये आगगाडीवर जेवढा राग काढला, तेवढा विनोबांच्या लिखाणात सापडत नाही. विज्ञान हवेच, पण त्याची गाठ अध्यात्माशी पडली पाहिजे, राजकारणाशी पडली तर नाश ठरलेला, हे ते पुन्हापुन्हा सांगत. म्हणजे विमान वाईट असे त्यांचे म्हणणे नव्हते. कोणते काम कोणत्या गतीने होते, हा त्यांचा प्रश्न होता. जमीन मागायची तर ज्याच्याकडे मागायची त्याच्या दारात उभे राहावे लागते, आणि ज्याला द्यायची त्याच्या अंगणात बसावे लागते.

जैन साधू-साध्वींनी हा विचार व्रतच करून टाकला आहे. त्यांचा विहार पायीच. मुंबई-गोवा महामार्गावर भल्या पहाटे पांढऱ्या वस्त्रांतली ती रांग पेणजवळही दिसते, आणि शेजारून कंटेनर सुसाट जात असतात. ज्यांच्या दर्शनाला श्रावक विमानाने येतात, ते स्वतः मात्र पुढच्या मुक्कामासाठी पंधरा-वीस किलोमीटर चालतात. १९७५ मध्ये मुनी सुशीलकुमार विमानात बसून परदेशी गेले, तेव्हा समाजात मोठे वादळ उठले. अहिंसेचा संदेश समुद्रापलीकडे न्यायचा तर पाय कसे पुरणार, ही त्यांची बाजू. जीवहिंसा टाळण्यासाठी घेतलेले व्रत प्रचारासाठी मोडायचे कसे, ही दुसरी. दोन्ही बाजू खऱ्या आहेत, त्यामुळे तो वाद कोणी जिंकला असे म्हणता येत नाही.

सुशीलकुमारांची बाजू समजून घ्यायला पेणचे गणपती मदतीला येतात. पेण, हमरापूर, जोहे या भागांत घडलेल्या मूर्ती जहाजांतून अमेरिका, मॉरिशसपर्यंत जातात, आणि भाद्रपदात पोचाव्यात म्हणून कित्येक महिने आधी घर सोडतात. देव समुद्र ओलांडतो, आणि पेणच्या कुठल्याही कारखानदाराला त्यात धर्म बुडाल्यासारखे वाटत नाही. एकेकाळी समुद्रगमन केलेल्या माणसाला प्रायश्चित्त घ्यावे लागे. आता त्याच घरातली मुले तिकडे शिकायला जातात. वाहनाबद्दलचे धर्मनियम बदलतात, आणि बदलायलाच हवेत. पेच असा की, नियम बदलल्यावर त्यामागचा प्रश्नही संपला असे आपण धरून चालतो.

तो प्रश्न रोह्याने निराळ्या तऱ्हेने सोडवला. १९ ऑक्टोबर १९२० रोजी रोह्यात जन्मलेले पांडुरंगशास्त्री आठवले, स्वाध्यायींचे दादा, हेही विनोबांसारखे गीतेचेच उपासक. गीताई लिहिणारा गागोद्याचा आणि मुंबईच्या माधवबागेतल्या पाठशाळेत आयुष्यभर गीता सांगणारा रोह्याचा. एकाच जिल्ह्याने अशी दोन माणसे द्यावीत ही साधी गोष्ट नाही. दादांनी पायीच जाण्याचे व्रत घेतले नाही. १९५४ मध्ये ते जपानला धर्मपरिषदेसाठी गेले होते, १९९७ मध्ये त्यांना टेंपलटन पुरस्कार मिळाला, आणि स्वाध्याय परिवार तर अनेक देशांत पसरला. वाहन कोणते, यावर त्यांचा भर नव्हता. भक्तिफेरीला निघालेला स्वाध्यायी आपल्या पैशाने तिकीट काढतो, शिधा बरोबर नेतो आणि ज्या गावात जातो त्या गावावर आपला भार टाकत नाही. एसटीने जावे, रेल्वेने जावे. पण खर्च कोणाचा आणि वेळ कोणासाठी, हे आधी ठरलेले असते. किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी चालवलेल्या 'मत्स्यगंधा' या होड्याही तशाच: आळीपाळीने त्यावर काम करायचे, आणि मासळीचे पैसे कोणा एकाचे मानायचे नाहीत. जिच्यावर कोणाचाच मालकी हक्क नाही, अशा लक्ष्मीला तिथे 'अपौरुषेय' म्हणतात.

या कसोटीवर चार्टर विमान ठेवून पाहावे. त्यात विकत काय मिळते? वेग म्हणावा, तर मुंबई-दिल्लीचे साधे विमानही हवेत तेवढ्याच वेगाने जाते. वाचतो तो विमानतळावरचा वेळ: रांग, तपासणी, बॅगांचा पट्टा. आणि मिळते ती दुसऱ्या माणसांपासून सुटका. शेजारच्या सीटवर कोणी नको, समोर रडणारे पोर नको, आपल्यामुळे कोणी थांबायला नको आणि कोणामुळे आपण थांबायला नको. बिल येते ते आसनाचे नाही, या एकटेपणाचे येते. गीतेतला अपरिग्रह हा शब्द आपण वस्तूंच्या साठ्यापुरता वापरतो. पण विमानभर रिकाम्या खुर्च्या आपल्या नावावर घेऊन फिरणे हाही परिग्रहच आहे. फक्त तो दिसत नाही, कारण रिकाम्या खुर्च्यांचा ढीग घरात पडून राहत नाही.

इथे घाईने निकाल द्यायची खोड आवरायला हवी. प्रत्यारोपणासाठी निघालेले हृदय जेमतेम चार तास टिकते. ते नेणाऱ्या विमानाला परिग्रह म्हणणारा माणूस धार्मिक नव्हे, दगड आहे. भाजलेल्या रुग्णाला छोट्या गावातून मुंबईला आणणारी एअर ॲम्ब्युलन्स हीही चार्टरच. आणि आपल्या पुराणांनी तर हा धडा कधीचाच घालून दिला आहे. पुष्पक मुळात कुबेराचे. रावणाने ते बळकावले. लंकेहून निघताना रामाने ते वापरले, कारण चौदा वर्षांची मुदत संपत आली होती आणि तिकडे भरत दिवस मोजत होता. कारण खरे होते, घाई दुसऱ्यासाठी होती. विमानात बिभीषण, सुग्रीव, वानर सगळे मावले. वाल्मीकी रामायणाच्या प्रचलित पाठात ते किष्किंधेला थांबते, वानरांच्या बायकांनाही घेते. भरद्वाजांच्या आश्रमातही उतरते. वाटेवरची एकेक जागा राम सीतेला बोटाने दाखवत जातो. अयोध्येला पोचल्यावर विमान मूळ मालकाकडे परत जाते. तो खरा एम्प्टी लेग! भरलेले विमान, मध्ये थांबणारे आणि काम झाल्यावर आपल्याकडे न ठेवलेले. पुष्पकावर टीका करायला फारशी जागा उरत नाही.

महाराष्ट्राला ही निवड अगदी अलीकडे करावी लागली. २०२० साली साथीमुळे आषाढीची पायी वारी बंद राहिली, तेव्हा ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका पंढरपूरला हेलिकॉप्टरने, विमानाने की बसने न्यायच्या, यावर सरकार आणि संस्थानांत चर्चा झाली. पालखीचा अर्थ मुक्कामांत असतो. लोणंद, फलटण, वाखरी यांना वगळून थेट पंढरपूर ही कल्पनाच वारकऱ्याला बोचते. शेवटी ३० जूनला, दशमीच्या दिवशी, पादुका एसटीच्या फुलांनी सजवलेल्या बसने गेल्या. रस्त्याच्या कडेला लोक हात जोडून उभे होते. बस थांबणार नव्हती, पण तिला रस्ता तरी होता. आकाशातून गेलेल्या पादुकांना हात कोणी आणि कुठे जोडले असते?

विनोबांची गोष्टही पायी चालण्यावर संपत नाही, आणि ती अर्धवट सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. तेरा वर्षे देशभर चालून ते १९६४ मध्ये पवनारला परतले. मिळालेल्या जमिनीचा आकडा चाळीस लाख एकरांच्या वर गेला होता, पण त्यातली बरीचशी पडीक होती, बरीचशी वादात अडकली, आणि वाटप त्या मानाने फारच थोडे झाले. चालल्याने सगळे साधते, असे म्हणण्याची सोय नाही. पुढच्याच वर्षी, सत्तरीच्या उंबरठ्यावर, प्रकृती साथ देईना म्हणून ते बिहारच्या 'तूफान' यात्रेत मोटारीने फिरले. गती आली. ग्रामदानाचे, म्हणजे अख्ख्या गावाने जमीन दान करण्याचे, आकडे भराभर वाढले, तालुक्यांमागून जिल्हे झाले आणि १९६९ मध्ये अख्खे 'बिहारदान' जाहीर झाले. त्यातली बहुतेक गावे मात्र कागदावरच दान झाली. मालकीचे हस्तांतर फार थोड्या ठिकाणी घडले.

१९७० मध्ये विनोबांनी क्षेत्रसंन्यास घेतला आणि पवनार न सोडण्याचे ठरवले. ज्यांना त्यांच्याशी बोलायचे असे ते वर्ध्याला उतरून तिथे जात.