बिनहिशेबी खेळ

आनंदाला हेतू असावा काय, हा प्रश्न विचारवंतांनी मोठ्या माणसांच्या आनंदाविषयी पुष्कळदा विचारला आहे. मुलांच्या आनंदाविषयी तो फारसा कोणी विचारीत नाही. तो निर्हेतुक असतो, हे आपण गृहीतच धरून चालतो. पण मुलांना आनंद मिळावा म्हणून जे व्यवस्था करतात, ते तरी निर्हेतुक असतात काय? आयर्लंडमध्ये लहान मुलांना तेथील देशी खेळांची दीक्षा ज्या रीतीने दिली जाते, तिचा विचार करताना हा प्रश्न टाळता येत नाही.

हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल हे त्या देशाचे दोन मोठे खेळ. हर्लिंग काठीने खेळतात. ही काठी परंपरेने ॲश वृक्षाच्या बुंध्याच्या अगदी खालच्या भागातून काढतात; तेथे खोड मुळांकडे वळते, आणि लाकडाचा तो वळणदार धागाच काठीच्या पसरट टोकाला बळ देतो. चेंडू लहान, कातडी आणि चांगलाच टणक. गेलिक फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन पळता येते, पण चार पावलांच्या आत त्याचे काहीतरी करावे लागते: एकदा जमिनीवर आपटून झेलायचा, एकदा पायावर सोडून पुन्हा हातात उडवायचा. मोठा खेळाडू हे पळता पळता करतो. सहा वर्षांचे मूल थांबते, चेंडू सोडते, लाथ मारते आणि चेंडू भलतीकडेच जातो. मग सगळी पोरे मोहोळ उठल्यासारखी त्याच्यामागे धावतात. डोक्यावरचे शिरस्त्राण डोळ्यांवर घसरलेले असते, काठी हातापेक्षा जड वाटत असते. आणि तरीही, कधीतरी, चेंडू काठीच्या पात्यावर नीट बसतो. त्या क्षणी मुलाच्या चेहऱ्यावर जे दिसते, त्याला आनंद याहून वेगळे नाव नाही.

या खेळांची संस्था, गेलिक ॲथलेटिक असोसिएशन, हिने बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी एक निराळी पद्धत ठरविली आहे. मैदान आखूड, संघ लहान, काठी व चेंडू वयाच्या मानाने. प्रत्येक मुलाने पूर्ण वेळ खेळायचे. राखीव म्हणून कोणाला कडेला बसवून ठेवायचे नाही. अंतिम सामना नाही, विजेतेपद नाही, गुणतक्ता नाही. खऱ्या खेळात जाळ्यात गेलेला चेंडू तीन गुणांचा आणि आडव्या दांड्यावरून गेलेला सामान्यतः एका गुणाचा. पण येथे त्या गुणांची बेरीज कोठेही टिकवायची नाही.

यावर दोन आक्षेप घेता येतील. पहिला सत्याचा. मुले काही आंधळी नसतात. कोणी किती गोल केले हे त्यांना पाठ असते. मग निकाल लपविणे ही एक सोज्वळ लबाडी नव्हे काय? दुसरा आक्षेप खेळाच्या स्वरूपाचा. जिंकण्याची ओढ काढून टाकली, तर जे उरते तो खेळ की नुसती हालचाल?

मला वाटते, या दोन्ही आक्षेपांत मोजणे आणि नोंदणे यांची गल्लत झाली आहे. मुले मोजतात, भांडतात, हरल्यावर रडतात; आणि घरी पोचेपर्यंत विसरतात. त्यांचा हिशेब त्या दिवसापुरताच असतो. वही ठेवतात ती मोठी माणसे. कोणाचा मुलगा पुढे जाईल, कोणाची मुलगी संघाला भार होईल, हे त्या वहीत लिहिले जाते, आणि एकदा लिहिले की खोडले जात नाही. तेव्हा या पद्धतीत मुलांपासून सत्य लपविलेले नाही; मोठ्यांच्या हातातली लेखणी काढून घेतली आहे. हा निर्बंध मुलांवर नसून आपल्यावर आहे, आणि म्हणूनच तो पाळणे कठीण जाते.

कठीण जाण्याचे आणखी एक कारण इतिहासात आहे. ही संस्था 1 नोव्हेंबर 1884 रोजी थर्लस गावी स्थापन झाली, ती केवळ करमणुकीसाठी नव्हे. इंग्रजी सत्तेखाली मावळत चाललेल्या देशी खेळांना उभारी द्यावी आणि त्यांतून राष्ट्राला ताठ मान द्यावी, हा मायकेल क्यूसॅक व त्यांच्या सहकाऱ्यांचा हेतू होता. 21 नोव्हेंबर 1920 रोजी डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर सामना चालू असताना सरकारी सैनिक व पोलिसांनी गोळीबार केला. त्यात चौदा जण मरण पावले. त्यांत दहा, अकरा आणि चौदा वर्षांचे तीन मुलगे होते. ज्या खेळाने इतके ओझे वाहिले, तो मुलाच्या हाती देताना ओझे बाजूला काढून ठेवणे सोपे नाही.

त्या देशाच्या पुराणकथेतही हाच पेच आहे. सेटांटा नावाचा लहान मुलगा काठी-चेंडू खेळत असतो. राजा त्याला एका लोहाराकडे मेजवानीला बोलावतो; मुलगा म्हणतो, खेळ संपवून मागाहून येतो. राजा त्याला विसरतो, आणि लोहार आपला राखणदार कुत्रा मोकळा सोडतो. एका पाठाप्रमाणे मुलगा चेंडू कुत्र्याच्या घशात मारून त्याला ठार करतो. लोहाराचा शोक पाहून तो म्हणतो, दुसरे पिल्लू मोठे होईपर्यंत तुझे घर मी राखीन. तेव्हापासून तो कू खुलिन, म्हणजे कुलन लोहाराचा कुत्रा. लोक ही कथा शौर्याची म्हणून सांगतात. मला तीत दुसरेही दिसते: खेळासाठी मागे राहिलेला मुलगा पुन्हा तसा खेळायला परतत नाही. त्याचे नावसुद्धा कामाला लागते.

मग मुलांना केवळ खूष ठेवावे काय? तसेही नाही. हर्लिंगचा आनंद सोपेपणाचा नाही. जमिनीवरचा चेंडू काठीने उचलून हातात घेणे, ही साधी गोष्ट शेकडो वेळा फसल्यावर एकदा साधते. आणि फसणे नसते तर साधण्यात गोडी राहिली नसती. प्रत्येकाने पूर्ण वेळ खेळावे या नियमाचे मर्म मला येथे दिसते. कडेला बसविलेल्या मुलाची जिंकण्याची संधी जाते हे खरे. पण त्याहून मोठे नुकसान असे, की त्याची चुकण्याची संधी जाते. नियम दया दाखवीत नाही, वाटा देतो.

आपल्या संतांनी हमामा, हुतुतू, चेंडूफळी यांवर अभंग रचले आणि जगाच्या व्यापाला लीला म्हटले. लीलेला फळाची अपेक्षा नसते, हे आपण कीर्तनात सहज मान्य करतो. अंगणात मात्र विसरतो.

बारा वर्षांनंतर गुणफलक येतोच. क्रोक पार्कवर 82,000 माणसे बसतात. त्यांच्यासमोर खेळण्याचे भाग्य फार थोड्यांना मिळते, आणि ज्यांना मिळते तेही पगारी खेळाडू नसतात, सामना संपवून आपापल्या नोकरीधंद्याला जातात. बाकीच्या असंख्य मुलांची ती पहिली वर्षे जर केवळ पुढच्या यशाची तयारी असतील, तर ती वाया गेली असे म्हणावे लागेल. तसे म्हणायला माझी जीभ वळत नाही. चेंडू एकदा नीट बसला होता. त्याचे देणे तेव्हाच चुकते झाले होते.