पाच म्हणजे हात

बँकेत कॅशियर होतो; शंभर नोटांच्या गड्ड्या मोजण्यात हयात गेली. म्हणूनच तोकी पोनाच्या आकड्यांनी मला अडवलं. कॅनडाच्या सोन्या लँग यांनी २००१ साली ही जेमतेम सव्वाशे शब्दांची भाषा रचली. साधं जगणं हा तिचा पाया, त्यावर ताओ विचारांची छाया. तिथे पाचाला ‘लुका’ म्हणतात, म्हणजे हात. शब्द सर्बो-क्रोएशियन ‘रुका’वरून आलाय, या भाषेत ‘र’ नाही, म्हणून ‘ल’. बारा म्हणजे लुका लुका तू: हात, हात, दोन. वीस म्हणजे ‘मुते’, पुष्कळ. आणि शंभर म्हणजे ‘आले’: सर्व, अवघं विश्व!

मोठी संख्या बोलताना जीभ दमावी, माणसाने मोजणंच कमी करावं, असा यातला भाव मला दिसतो. अपरिग्रहाचीच ही वाट, आणि ती मला मनापासून पटते. पण मोजणाऱ्या प्रत्येकाला हाव असते का? पेन्शनच्या दिवशी खिडकीशी एक विधवा बाई अंगठ्याला थुंकी लावून नोटा दोनदा मोजायच्या. औषधं, वाणी, नातवाची फी, सगळं त्यातच. त्यांच्या मोजण्याला लोभ म्हणणारं तत्त्वज्ञान मला मान्य नाही.