अंगाचा भार व नीतीचा भार

एरंडोलासारख्या गावी पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रीस दोहोंकडून बोल ऐकावे लागतात. ती वाळली, तर ‘सून पोटाला घालीत नाही वाटते’. अंगाने सुटली, तर ‘आता बसून खाते’. प्रश्न असा की, शरीराच्या भारावरून मनुष्याची नीती ठरविता येते काय?

आमच्या मते येत नाही. प्रथम निसर्गाचा भाग पाहावा. मासिक पाळी बंद झाल्यावर चरबी पोटाभोवती साठू लागते व वयोमानाने स्नायू क्षीण होतात. भाकर पूर्वीइतकीच, परंतु देहाची गरज कमी झालेली. ह्यांत खादाडपणा कोठे आला?

दुसरा भाग घराचा. आज सत्तरीस टेकलेल्या पुष्कळ स्त्रियांनी १९७२ चा दुष्काळ मुलीच्या वयात पाहिला. सुकडी व तांबडी मिलो ज्वारी ह्यांवर ज्यांनी दिवस काढले, त्यांच्याने अन्न टाकवत नाही. सर्वांची जेवणे आटोपल्यावर त्या बसतात. पातेल्यातली खिचडी व नातवाने टाकलेली अर्धी भाकर वाया जाऊ नये म्हणून खातात. ज्या काटकसरीची घराने जन्मभर वाखाणणी केली, तिचेच फळ कमरेवर दिसताच घर हसू लागते! हा न्याय नव्हे.

कोणी म्हणेल, मग वजनाची काळजीच करू नये काय? अवश्य करावी. स्थूलतेने मधुमेह, रक्तदाब व गुडघ्यांचे दुखणे बळावते. आपल्या देशातील स्त्रीच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरांहून अधिक असणे डॉक्टर धोक्याचे मानतात. परंतु काळजी निराळी व लाज निराळी. लाजेने स्त्री उपाशी राहते, आणि उरलेसुरले स्नायूही झिजवून घेते. काळजीने ती डाळ, भाजी व रोजचे चालणे ह्यांची सोय पाहते. तसेच कारणावाचून वजन उतरू लागले, तर ‘बरी बारीक झाली’ असे कौतुक करू नये; ती क्षय, मधुमेह किंवा कर्करोगाची खूण असू शकते. तिला सत्वर दवाखान्यात न्यावे.

तर वाचकहो, तांदूळ माणसे मोजून शिजवा. उरलेले सर्वांनी वाटून खा. घरातील वडील स्त्रीस पहिल्या पंगतीस बसवा. इतके ज्या घरी होत नाही, त्या घराने तिच्या अंगाविषयी बोलू नये.