तिसऱ्यांदा मागताना



रोहणा, आर्वी, कारंजा, आष्टी हा आपला सारा मुलूख गवळाऊ गुरांचा. पांढरा, चपळ, बंडीला जुंपला की रस्ता कापणारा गवळाऊ बैल ही वर्धा जिल्ह्याची ओळख आहे. पोळ्याला आपण त्याला ओवाळतो, पुरणपोळीचा घास देतो. काही घरी लग्नसराईत वरातीला देण्यासाठी घोडी पाळलेली असते आणि चार महिन्यांच्या त्या कमाईवर घराचे वर्ष निघते. म्हणून कोठ्यातले आजारपण हे घरातलेच आजारपण असते.

असे आजारपण पहिल्यांदा आले की शेजारपाजार धावून येतो. दुसऱ्यांदा आले की येणारी माणसे निम्मी होतात. आणि तिसऱ्यांदा? आज त्या तिसऱ्या वेळेचा विचार करू या.

समजा, एका घरची घोडी पहिल्या वर्षी पोटशुळाने गेली. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटदुखी त्याच्या जिवावर बेतू शकते. विमा होता, पैसे मिळाले, त्यात थोडे कर्ज घालून दुसरी घोडी आणली. पुढच्या वर्षी चावऱ्या माश्यांमुळे पसरणारा सर्रा रोग झाला आणि तीही गेली. पुन्हा दावा, पुन्हा कागद. तिसऱ्या वर्षी ऐन लग्नसराईत नव्या घोडीने चारा सोडला. त्या घरच्या माणसाच्या कानावर आता तीन आवाज पडतात.

पहिला आवाज गावाचा: “त्या घराला काहीतरी लागलंय.” कोणी नजर म्हणते, कोणी करणी. योबाच्या ग्रंथात हेच घडले. पाचशे जोड्या बैल, पाचशे गाढवी, सात हजार मेंढरे, तीन हजार उंट एका दिवसात गेले. भेटायला आलेले मित्र सात दिवस मुकाट्याने त्याच्याजवळ बसले, तोवर ते खरे मित्र होते. बोलू लागले आणि बिघडले. तुझ्या हातून काही पाप घडले असेल, असे ते म्हणू लागले. अखेरीस परमेश्वराने दोष दिला तो योबाला नव्हे, या मित्रांना.

रोगाला कारण असते. 2022 च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातून लम्पी राज्यभर पसरला, तेव्हा तो कोणाचे पाप शोधत आला नव्हता. माश्या, डास, गोचीड यांनी तो नेला. त्याच महिन्यात या रोगावरची भारतीय लस जाहीर झाली. ती हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने इज्जतनगरच्या पशुवैद्यक संस्थेच्या साथीने तयार केली होती. घोड्यांसाठी काढलेली संस्था गायींच्या कामी आली. देव मदत पाठवतो ती बहुतेक वेळा अशीच, माणसांच्या अभ्यासातून आणि कष्टातून.

तेव्हा एकाच कोठ्यात आजार पुन्हा आला, तर भगताकडे जाण्याआधी डॉक्टरांना विचारा: कारण काय? कुटार बुरसलेले आहे का? पाण्याचे टाके कधी धुतले? शेण साचून माश्या वाढल्या आहेत का? जंत पाडले का? 1962 या क्रमांकावर फोन केला तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत मागता येते. कारण तसेच राहिले, तर नवे जनावर आणून काय उपयोग?

दुसरा आवाज टेबलापलीकडचा: “पुन्हा तुम्हीच?” या प्रश्नाने साधा कास्तकार खाली मान घालून परत फिरतो. पण विमा म्हणजे भीक नव्हे. अनेकांनी थोडेथोडे घालावे आणि ज्याच्यावर वेळ येईल त्याचे ओझे सर्वांनी मिळून उचलावे, हा त्याचा अर्थ आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या विमा योजनेत गाय-बैलांबरोबर घोडे, गाढवे, खेचरेही येतात. केंद्र सरकारने 2024 साली मालकाचा हप्त्यातला वाटा 15 टक्क्यांवर आणला आणि मर्यादा पाचऐवजी दहा मोठ्या जनावरांपर्यंत वाढवली. नुकसान खरे असेल, तर दुसरा दावाही खरा आणि तिसराही खरा. संत लूकच्या शुभवर्तमानातील विधवा न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा गेली. प्रभूने तिला चिवट म्हणून हिणवले नाही. तिला आपल्यापुढे उदाहरण म्हणून ठेवले.

मात्र जायचे ते नीट तयारीने. जनावर दगावले की लगेच विमा कंपनीला आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. शवविच्छेदन होण्याआधी पुरू नका. कानातला बिल्ला जपा, कारण बिल्ला नसेल तर दावा अडतो. उपचाराच्या चिठ्ठ्या, औषधांच्या पावत्या आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची प्रत घरी ठेवा. आधीचे आजार विचारले, तर लपवू नका.

तिसरा आवाज आपल्याच मनाचा, आणि तो सर्वांत हळू बोलतो. जनावरांचा विमा मुख्यतः मृत्यूची भरपाई देतो. रोजच्या औषधपाण्याचा खर्च मालकाच्याच खिशातून जातो. म्हणून मन म्हणते, “आता कशाला सलाईन लावायचं? गेली तर निदान पैसे तरी येतील.” किंवा म्हणते, “मेलेल्याचा बिल्ला दुसऱ्याच्या नावावर दाखवला तर कोणाला कळणार?”

बंधू-भगिनींनो, हा मोह नवा नाही. निर्गम ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात नियम आहे. शेजाऱ्याने राखायला दिलेले जनावर कोणी पाहत नसताना मेले, तर राखणाऱ्याने परमेश्वरासमोर शपथ घ्यावी आणि धन्याने ती मानावी. श्वापदाने फाडले असेल, तर उरलेले पुरावा म्हणून आणून दाखवावे. आजचा पंचनामा आणि डॉक्टरांचा दाखला यांनी त्या शपथेची जागा घेतली आहे. त्यावरची आपली सही देवासमोरचीच आहे. खोटा दावा कंपनीलाच बुडवतो असे नाही. त्याच्यामुळे पुढच्या खऱ्या माणसाकडे संशयाने पाहिले जाते. “पुन्हा तुम्हीच?” हा प्रश्न कोणाच्या तरी लबाडीतूनही जन्मलेला असतो.

आणि जिवंत जनावराला पैशासाठी मरू देणे हे तर त्याहून वाईट. नीतिमान माणूस आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेतो, असे नीतिसूत्रे सांगतात. शब्बाथ दिवशीही विहिरीत पडलेला बैल तुम्ही वर काढाल ना, असे प्रभू येशूने विचारले. बैल गेला तर भरपाई किती, हा हिशेब त्याने मांडला नाही. आधी वर काढा. सर्व करूनही जनावर वाचले नाही, तर दावा करायला जाताना तुमची मान ताठ राहील.

पण औषधालाच पैसे नसतील तर? हा प्रश्न त्या एका घराचा नाही, आपल्या सर्वांचा आहे. कर्जाच्या वर्षात दावणीचे जनावर जाणे म्हणजे काय, हे वर्धा जिल्ह्याला सांगायला नको. अशा वेळी कोणी बंडी द्यावी, कोणी पेरणीला आपली जोडी द्यावी, शिकलेल्या मुलाने अर्ज लिहून द्यावा, कोणी कार्यालयात सोबत जावे. काहीच जमत नसेल, तर योबाच्या मित्रांनी पहिले सात दिवस केले तेवढे तरी करावे: जवळ बसावे. आणि ज्याच्या मनात काळे विचार येत असतील, त्याने ती रात्र एकट्याने काढू नये. शेजाऱ्याचे दार ठोठावावे, चर्चचे दार ठोठावावे. मध्यरात्री भाकर मागायला आलेल्या मित्राची गोष्ट प्रभूने उगीच सांगितली नाही.

पवित्र मिस्साच्या आरंभी आपण दया मागतो, तीही एकदा नव्हे, तीनदा. दर रविवारी तेच मागणे, त्याच माणसांचे. आजवर स्वर्गातून “पुन्हा तुम्हीच?” असा प्रश्न आलेला नाही. मग आपल्या दारी तिसऱ्यांदा आलेल्या माणसाला तो आपण कसा विचारावा?

हे प्रभो, आमच्या कोठ्यातल्या मुक्या जिवांना सांभाळ. पुन्हा पुन्हा नुकसान सोसणाऱ्यांना धीर दे, त्यांच्या हातून खरेच लिहिले जावे अशी कृपा कर, आणि आम्हांला त्यांच्याजवळ बसायला शिकव. आमेन.