सामर्थ्य आणि संयम

शुक्रवार पेठेतील कुटुंबांना सोलापुरी चादरीचा माग नवा नाही. जॅकार्ड मागावर ताण्याचे सर्व धागे एकाच वेळी ताणलेले असतात. त्यांतील कोणते उचलायचे, हे छिद्रे पाडलेले पुठ्ठे ठरवितात. नक्षी त्या उचलण्याच्या क्रमात असते. मानवी देहाचेही असेच आहे. डोळ्याच्या आणि यकृताच्या पेशींत जनुके तीच. कोणते जनुक कोठे, केव्हा व किती कार्यरत व्हावे, यावर देहाची घडण अवलंबून असते.

जनुकोपचारात निरुपद्रवी केलेल्या विषाणूकरवी पेशीत नवे जनुक पोहोचविले जाते. पोहोचविणे हे अर्धे काम. त्याला आवर घालणे हे उरलेले. प्रतिकारशक्तीविना जन्मलेल्या बालकांवर पॅरिसमध्ये १९९९ पासून असे उपचार झाले. बहुतेकांना जीवदान लाभले. परंतु २००२ पासून काहींना रक्ताचा कर्करोग झाल्याचे आढळले. विषाणूच्या स्वतःच्या प्रबळ कळीने शेजारचे जनुकही चालू केले होते.

पुढील पिढीच्या विषाणुवाहकांतून ती कळ काढून टाकण्यात आली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात तीव्र हिमोफिलियाच्या पाच रुग्णांवर केलेल्या उपचारांचा वृत्तान्त डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्त गोठविणाऱ्या घटकाचे जनुक विशिष्ट पांढऱ्या पेशींतच जागे व्हावे, अशी कळ तेथे योजली होती. उपचारानंतरच्या निरीक्षणकाळात त्या रुग्णांना रक्तस्राव झाला नाही.

तर मग देहाच्या रचनेत असा हात घालण्याचा मनुष्याला अधिकार आहे काय? ख्रिस्तसभेने २००८ च्या 'दिग्नितास पर्सोने' या दस्तऐवजात, रुग्णाच्याच देहापुरता व रोगनिवारणासाठीचा जनुकोपचार तत्त्वतः मान्य केला. संततीत उतरणारा बदल मात्र सद्यःस्थितीत नाकारला. हा भेद आम्हांस मोलाचा वाटतो. आजारी बालकाच्या वतीने आईबाप संमती देतात, तेव्हा त्या बालकाचे दुःख त्यांच्या डोळ्यांसमोर असते. अजून न जन्मलेल्या पणतवंडांच्या वतीने ती कोणी द्यावी?

तरीही एक शंका उरतेच. माग थांबवून चुकलेला धागा उसवता येतो. पेशीच्या जनुकसाखळीत एकदा गुंफलेले जनुक तसे काढून घेता येत नाही. म्हणून नियंत्रणाची जबाबदारी प्रयोगशाळेच्या दाराशी संपत नाही, असे आम्ही मानतो. रुग्णाला त्याच्या भाषेत धोका समजावणे, वर्षानुवर्षे त्याच्या प्रकृतीवर लक्ष ठेवणे आणि अपयश उघडपणे मांडणे, हेही त्याच नियंत्रणाचे भाग होत. पॅरिसची हानी जगापुढे मांडली गेली, म्हणूनच पुढच्यांना सावध होता आले. जो उपचार मागे घेता येत नाही, तो देणाऱ्याने रुग्णाची साथही सोडता कामा नये.