विसावा कुणाच्या जिवावर?

कामगाराच्या शरीराचा दरफलक कुणी वाचला आहे का? मी वाचला. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला तो जोडलेला होता, पुढं त्यात दुरुस्त्या होत गेल्या. अंगठा गेला तर शंभरातले ३०. तर्जनी मुळापासून गेली तर १४. मधलं बोट १२. करंगळी किंवा तिच्या शेजारचं बोट ७. आता गंमत बघा. तर्जनी आणि मधलं यांची बेरीज २६ होते. पण एका हाताची दोन बोटं एकदम गेली तर तक्ता म्हणतो २०. घाऊक माल घेतला की भाव उतरतो, तसं. आता हा कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घातला आहे. नाव बदललं, हिशेबाची रीत तीच. शेकडा किती कमाई बुडाली, तेवढंच विचारायचं.

मी तक्त्याला शिव्या द्यायला बसलेलो नाही. तक्ता नसता तर आपल्या हातात तेवढंही पडलं नसतं, आणि ते पडावं म्हणूनच आपण गेटवर बसतो. पण त्यात एक खाना राहिलाय. ज्या बोटांनी कापूस काढायचा त्याच बोटांनी पोराच्या सदऱ्याची गुंडी लावायची असते, भाताचा घास कालवायचा असतो, परसाकडं जाऊन आलेल्या लेकराचं ढुंगण धुवायचं असतं. ह्या कामाची मजुरी नाही, म्हणून त्याची टक्केवारीही नाही. मालक हे बोट मोजत नाही हे समजू शकतं. आपणही मोजत नाही, आणि माझं भांडण तिथं आहे.

आमच्या सूतगिरणीतल्या कार्डिंग खात्यातला एक गडी. नाव लिहीत नाही, त्याचा अर्ज अजून चालू आहे. कार्डिंगच्या मशीनचं झाकण उघडलं की ती थांबावी म्हणून एक स्विच असतो. तो स्विच बांधून ठेवलेला, कारण थांबलेल्या मशीनीतून माल निघत नाही. रोळात अडकलेला कापूस काढताना ह्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली आणि तळहाताच्या शिरा तुटल्या. माणूस ठेकेदाराचा. ठेकेदाराचा कामगारही विम्यात येतो, आणि कामावर जखमी झाला तर मजुरीच्या ९० टक्के रक्कम विम्यातून मिळते, हे आपल्या अभ्यासवर्गात पोपटासारखं पाठ आहे. पण ह्याची नोंदच केलेली नव्हती.

घरात तीन पोरं. थोरली नऊ वर्षांची, चौथीत. मधला चार वर्षांचा. धाकटी दीड वर्षाची. डॉक्टरनं सांगितलं, तीन महिने ह्या हातानं वजन उचलायचं नाही. डॉक्टरला वजन म्हणजे पाण्याची घागर, सिमेंटची पिशवी. दीड वर्षाचं लेकरू नऊ-दहा किलो भरतं आणि दिवसातून पन्नास वेळा हात वर करून समोर उभं राहतं, हे त्या कागदावर नव्हतं. धाकटी त्याच्या अंगावर चढायची, पट्टीवर पाय द्यायची. तो ओरडायचा. ती भ्यायची, कोपऱ्यात जाऊन रडायची, आणि रडून झालं की परत त्याच्याकडंच यायची. ठणका रात्री वाढतो आणि पोरंही रात्रीच कुरकुरतात. खोली एक. आपलं कण्हणं ऐकून लेकरं उठू नयेत म्हणून हा गडी तोंडात टॉवेल धरून झोपायचा.

बायको पहिला आठवडा घरी राहिली. मग लूमवर कांड्या भरायला गेली, कारण घरात येणारा तेवढाच पैसा. मग धाकटीला आणि मधल्याला बघायचं कुणी? थोरलीनं. दप्तर खुंटीला लागलं. कुणी तिला शाळा सोड म्हणालं नाही. ती आपोआप सुटली, पाणी उताराकडं जातं तशी.

जखमी माणसाला विसाव्याचा हक्क आहे का, असं विचारलं तर आपण सगळे एका सुरात आहे म्हणू. पण एक माणूस आडवा होतो तेव्हा कुणीतरी दुसरं उभं राहिलेलं असतं. ते कोण आहे, त्याला विचारलं होतं का, आणि त्याचं काय गेलं, हे विचारल्याशिवाय हक्काची भाषा अर्धी राहते. मालकाकडून न मिळालेला विसावा आपण नऊ वर्षांच्या पोरीकडून वसूल करतो, हे बरोबर की चूक? आणि चूक म्हणावं, तर त्या गड्यानं काय करायचं होतं?

ह्यावर आपल्यात दोन उत्तरं तयार असतात. पहिलं मर्दानगीचं. डोक्याला पट्टी बांधून मोर्चात आला, प्लास्टरच्या पायानं गेटवर उभा राहिला, की त्याच्या नावानं घोषणा. असल्या कविता आपल्या अंकांतून पैशाला पासरी. ह्या गड्यालाही पाचव्या आठवड्यात असंच चढवलं. ‘‘एवढ्याशा हातानं काय बसतोस घरी, वाघ हैस तू.’’ वाघ कामावर गेला. जखम उकलली, पू झाला आणि पुन्हा सात आठवडे आडवा. बरं होऊ देणं हेही काम आहे, त्याला दिवस लागतात, आणि ते दिवस चोरले तर ते व्याजासकट परत मागतात.

दुसरं उत्तर जास्त शहाणं, म्हणून जास्त घातक. ‘अत्त दीप भव’. स्वतःच स्वतःचा दिवा व्हा, म्हणजे म्हणे कुणाच्या मदतीची वाट बघू नका, स्वाभिमानानं निभवा. हा अर्थ कुणी काढला? दिवा व्हा म्हणजे दुसऱ्याच्या डोक्यानं विचार करू नका. दुखऱ्या हातानं पाणीही एकट्यानंच शेंदा, असं त्यात कुठं आहे?

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. पोटाच्या आजारानं एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडलेला. बुद्ध आणि आनंद फिरत फिरत तिथं येतात. तुझी सेवा कुणी का करत नाही, असं बुद्ध विचारतो. भिक्खू म्हणतो, मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझ्याकडं बघत नाहीत. बुद्ध आनंदाला पाणी आणायला लावतो. बुद्ध पाणी ओततो, आनंद धुतो. मग एकानं डोक्याकडून आणि दुसऱ्यानं पायाकडून धरून त्याला उचलून बाजेवर ठेवतात. नंतर संघाला बोलावून विचारणा होते. भिक्खूही तेच कारण सांगतात. तेव्हा बुद्ध त्यांना सांगतो की तुम्हाला इथं आई नाही, बाप नाही, तुम्ही एकमेकांचं केलं नाही तर कोण करणार; ज्याला माझी सेवा करायची असेल त्यानं आजाऱ्याची करावी.

हा प्रसंग आपण वंदनेनंतरच्या भाषणात दयेची गोष्ट म्हणून सांगतो आणि मोकळे होतो. मला त्यात दया फार दिसत नाही. मला त्यात तो शब्द दिसतो, उपयोग. भिक्खू जे बोलले तेच आमचा सुपरवायझर बोलला, हा आता उपयोगाचा नाही. तक्ताही तेच बोलतो, फक्त टक्क्यांत. बुद्ध उपयोगाचा हिशेबच मान्य करत नाही. आणि ज्या देशात घाण काढायचं काम जन्मावरून वाटून दिलं, आपल्याच आजा-पणज्यांच्या डोक्यावर दिलं, त्या देशात हा माणूस स्वतः पाण्याचं भांडं हातात घेतो. ज्यांना धम्म म्हणजे काय असा प्रश्न पडतो त्यांनी ह्या पाण्यापाशी थोडं थांबावं.

आता आपलं बघा. भिक्खूला घर नव्हतं, म्हणून संघावर जबाबदारी आली. आपल्या गड्याला घर होतं, म्हणून आपला संघ सुटला. घर म्हणजे कोण? वहिनी आणि थोरली. वस्ती काही दगडाची नाही. पहिले आठ दिवस माणसांची रीघ लागली होती. कुणी केळी आणली, कुणी शंभर-दोनशे हातावर ठेवले. सगळे बसले, आपापल्या अपघाताच्या कथा सांगितल्या, कुणाच्या डोळ्यावर धोटा उडाला होता, कुणाचा पाय पट्ट्यात गेला होता. सगळ्यांना चहा झाला. चहा वहिनीनं केला, कप थोरलीनं विसळले. आपली सहानुभूती अशी असते, तिच्यामुळं घरातलं काम वाढतं.

हा घरगुती प्रश्न आहे, चळवळीचा नाही, असं मला एका कार्यकर्त्यानं ऐकवलं. त्याला १९२८ साल दाखवावं लागलं. गिरणीतल्या बायकांना बाळंतपणात सवलत देण्याचं बिल मुंबई कायदेमंडळात आलं होतं आणि बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. तेव्हाही बाळंतपण घरगुतीच होतं. बाबासाहेबांचा मुद्दा असा, की बाळंतपणाच्या आगंमागं बाईला मिळणारा विसावा हा सगळ्या देशाच्या हिताचा आहे, म्हणून त्याचा बोजा मुख्यतः सरकारनं उचलावा. आणि जो मालक तिच्या कामावर फायदा कमावतो त्याच्यावर तो पडला तर त्यातही वावगं नाही. पुढच्या वर्षी तो कायदा झाला. विसाव्याची किंमत असते आणि ती घरातल्या दुबळ्या माणसाकडून घ्यायची नसते, हे त्यात आहे. पट्टी बांधलेल्या बापाला आणि त्याच्या पोरीला हा न्याय लावायला आपल्याला कुणी अडवलं होतं?

कायद्यानंही पोरं बाईच्याच पदरात टाकली. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात ३० हून जास्त बायका कामाला असतील तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर ठेवायचं असं कलम होतं. तीस बायका मोजायच्या. बाप कितीही असोत, त्यांना लेकरं नसतातच जणू. आणि आमच्या गिरणीसारख्या ठिकाणी तिसावी बाई कधी लागतच नाही. अंगणवाडी १९७५ पासून आहे, मधला तिथं जातोही, पण ती दुपारी सुटते आणि दीड वर्षाच्या पोरीला तिथं ठेवून घेत नाहीत.

मग आडवा पडलेला बाप मोकळा का? मला वाटतं, नाही. हात दुखावला होता, बापपण नव्हे. डावा हात होता, तोंड होतं, मांडी होती. त्याला व्यायामाला रबरी चेंडू दिला होता, दाबायला. चार दिवस दाबला आणि कंटाळून टाकला. मधल्यानं तो पळवला, मग हा मागायचा, पोरगं द्यायचं, परत पळवायचं. त्या खेळात बोटं जेवढी वळली तेवढी एकट्यानं वळली नसती. गडी सातवी शिकलेला. थोरलीची शाळा बुडाली तरी पाढे म्हणून घेणं, धडा वाचून घेणं त्याला जमत होतं. सांगितल्यावर त्यानं ते केलं. आधी का केलं नाही? कारण पुरुष आजारी पडला की त्यानं छताकडं बघत पडायचं, हे आपण आपल्या बापांकडून शिकलो. बाई आजारी पडते तेव्हा पडल्या पडल्या भाजी निवडते.

लेकरांना काय सांगायचं, हाही प्रश्न लहान नाही. म्हातारीनं सांगितलं, नशिबाचा फेरा. शेजारणीनं सांगितलं, मशीन चावली. मधला आठ दिवस शिवणयंत्रालाही घाबरत होता. लेकरांपासून दुःख लपवावं असं म्हणणारे भले लोक आहेत. पण एका खोलीत काय लपणार? पट्टी सुटली तेव्हा धाकटी त्या हाताला शिवेना, कितीतरी दिवस डाव्याच हाताकडं यायची. मधल्याला मी सांगितलं, ‘‘मशीन चावत नाही रे बाळा. तिला झाकण असतं, ते उघडं ठेवलं होतं.’’ तो बराच वेळ गप्प बसला. ‘‘कुणी ठेवलं, काका?’’ मी तेही सांगितलं. त्या दिवसापासून तो घरभर फिरून झाकणं लावतो, पिठाच्या डब्याला, माठाला, आईच्या भाकरीच्या टोपलीला. चार वर्षांच्या पोराला नशीब कळत नाही, झाकण कळतं.

नवव्या आठवड्यानंतर थोरली शाळेत परत गेली, ती आपोआप नाही. अभ्यासवर्गातल्या आम्ही पाच जणांनी पाळ्या लावल्या, कामाच्या पाळ्या बघून. पोरांना आंघोळ घालणं, धाकटीला खेळवणं, पाणी भरणं. भरपाईच्या अर्जात आम्ही एक ओळ घातली: ह्या अपघातामुळं मुलीचे शाळेचे ४७ दिवस बुडाले. अर्ज घेणारा म्हणाला, हे कुठल्या कलमात बसतं? बसत नाही, आम्हाला ठाऊक आहे. खोडा म्हणाला, आम्ही खोडली नाही.

आमच्यातला एक जण पहिल्यापासून विरोधात आहे. त्याचं म्हणणं, आपण पाच जण गेटवर असतो तर नोंदणीचा प्रश्न लवकर सुटला असता. पोरं धुणं हे आयाबाईचं काम, चळवळीचं नव्हे. आणि एका घराचं केलं तर वस्तीतल्या वीस घरांचं करावं लागेल, तेवढी माणसं कुठली आणायची? शेवटचा मुद्दा खरा आहे, माझ्याकडं त्याला उत्तर नाही. पहिल्या दोन मुद्द्यांवर आमचं तीन बैठका भांडण झालं. तो मंगळवारी संध्याकाळी येतो, तोंड वाकडं करून पाणी तापवतो, मधल्याच्या डोळ्यांत साबण घालतो आणि त्याच्या शिव्या खातो. पुढच्या बैठकीत विषय परत मांडणार आहे म्हणाला.